पंचनाम्याची भाषा आणि विलास सारंगांची कथा

विलास सारंग (१९४२-२०१५) यांची कथा शिकवताना पहिली अडचण येते ती वर्गीकरणाची. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कथेचे कप्पे बहुधा ठरलेले असतात : नवकथा, ग्रामीण कथा, दलित कथा, स्त्रीवादी कथा, विज्ञानकथा, गूढकथा. सारंगांची कथा यांपैकी कोणत्याही कप्प्यात पूर्णपणे मावत नाही, आणि तरीही प्रत्येक कप्प्याशी तिचे काही ना काही देणेघेणे असते. तिच्यात पुराणकथा येते, प्रवासवृत्तान्त येतो, मुलाखत येते, भयकथा येते. परंतु यांपैकी एकाही प्रकाराचा संकेत ती शेवटपर्यंत पाळत नाही. परिणामी 'प्रयोगशील' हे सर्वसमावेशक आणि म्हणूनच फारसे काही न सांगणारे विशेषण लावून आपण पुढे जातो. कर्जत-खालापूर परिसरात मराठीचे अध्यापन करताना या विशेषणाविषयीचा माझा असंतोष वाढत गेला. तो का वाढला आणि त्यातून सारंगांच्या वाचनाची कोणती दिशा हाती आली, ते येथे नोंदवावयाचे आहे.

सारंगांचा लेखनप्रवास थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. जन्म कारवारचा, म्हणजे मराठी, कोकणी आणि कन्नड एकमेकींत मिसळलेल्या सीमाप्रदेशातला. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात तौलनिक साहित्याचा अभ्यास केला. पुढे इराकमधील बसरा येथे अध्यापन केले, मुंबई विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि नंतर कुवेतमध्येही शिकवले. 'सोलेदाद' हा पहिला कथासंग्रह १९७५चा. बसऱ्याच्या वास्तव्यातून 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी १९८३मध्ये आली. १९९०मध्ये 'फेअर ट्री ऑफ द व्हॉइड' हा इंग्रजी कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील मराठी कथांचे इंग्रजी रूप सिद्ध करताना ब्रेऑन मिचेल यांचे सहकार्य होते. हेच मिचेल पुढे काफ्काच्या 'द ट्रायल'चे इंग्रजी अनुवादक म्हणून ख्यात झाले. 'आतंक' हा मराठी संग्रह १९९९चा, 'द विमेन इन केजेस' हा इंग्रजी संग्रह २००६चा. याच्या जोडीला कविता आहे, 'सिसिफस आणि बेलाक्वा' आणि 'अक्षरांचा श्रम केला' यांसारखे समीक्षाग्रंथ आहेत, आणि संपादनही आहे : १९५०नंतरच्या भारतीय इंग्रजी कवितेचे संकलन आणि 'द बॉम्बे लिटररी रिव्ह्यू' हे नियतकालिक.

या यादीतील संपादनाकडे मराठी समीक्षेचे लक्ष अभावानेच गेले आहे. संपादन हे प्राध्यापकी कर्तव्याचा भाग आणि कथा ही निर्मिती, अशी विभागणी आपण गृहीत धरतो. मला ती मान्य नाही. संपादकाचे मूलभूत काम शेजार ठरवण्याचे असते. कोणत्या कवितेनंतर कोणती कविता यावी, कोणत्या लेखकाशेजारी कोणाला बसवावे, हे तो ठरवतो. परंतु दोन मजकुरांमध्ये जोडवाक्य लिहिण्याची मुभा त्याला नसते. वाचकाने तो सांधा स्वतः शोधावा लागतो. सारंगांची कथा नेमकी अशीच रचलेली असते. इंद्राला मिळालेल्या शापाची पुराणकथा आणि मुंबईतील वेश्यावस्ती या दोन गोष्टी 'द ओडर ऑफ इम्मॉर्टॅलिटी' या नावाने इंग्रजीत गेलेल्या कथेत एकमेकींच्या शेजारी ठेवल्या जातात. पुराणकथा येथे रूपक म्हणून येत नाही आणि वेश्यावस्ती सामाजिक प्रश्न म्हणून येत नाही. दोन्ही एकाच पातळीवर, एकाच आवाजात सांगितल्या जातात. जोडवाक्य नाही. साहित्यप्रकारांची सरमिसळ हा शब्द अशा वेळी अपुरा पडतो, कारण सरमिसळीत घटक विरघळतात. येथे ते विरघळत नाहीत, शेजारी राहतात.

आता भाषेचा प्रश्न. सारंगांची मराठी कोरडी आहे, अनुवादित वाटते, तिला मराठीचा वळसा नाही, ही तक्रार मी विद्यार्थिदशेपासून ऐकत आले आहे. तक्रार निराधार नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या प्रतिमासंपन्न गद्यानंतर सारंग वाचावयास घेतले तर एखाद्या कचेरीत शिरल्यासारखे वाटते. ते दोन भाषांतून लिहीत, विचार परभाषेत करीत, म्हणून असे घडले, हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. परंतु ते लेखकाच्या चरित्राविषयी काही सांगते, कथेविषयी काहीच नाही. ही कोरडी भाषा कथेत कोणते काम करते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर मला सिद्धान्तग्रंथांत पुरते सापडले नाही. तोदोरोव्ह यांनी १९७०च्या आपल्या ग्रंथात अद्भुताची जी व्याख्या केली ती वाचकाच्या संभ्रमावर आधारलेली आहे : घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय होत नाही तोवरच अद्भुत टिकते. सारंगांच्या कथेत असा संभ्रम नसतोच. जे घडले ते घडले. ब्रूस स्टर्लिंग यांनी १९८९मध्ये प्रकारांच्या सीमेवरील लेखनासाठी 'स्लिपस्ट्रीम' ही संज्ञा सुचवली. ती मुख्यतः आपल्या काळाविषयीच्या अनोळखीपणाची भावना सांगते. गद्याच्या पोताविषयी तिला फारसे म्हणावयाचे नाही.

उत्तराची दिशा वर्गातून मिळाली. आमच्याकडे येणारे विद्यार्थी खोपोली फाट्यावरच्या पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या स्थानकांच्या आसपासच्या गावांतून आणि डोंगरउतारांवरच्या वाड्यांतून येतात. त्यांपैकी काहींनी पेणच्या गणपती कारखान्यांत हंगामी काम केलेले असते. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती सजीव होतात आणि बुडण्यास नकार देतात, अशी सारंगांची एक कथा आहे. इंग्रजी संग्रहात ती 'अ रिव्होल्ट ऑफ द गॉड्स' या नावाने येते. ती वर्गात वाचल्यावर 'अद्भुत' हा शब्द मी उच्चारण्यापूर्वीच एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, रंगकाम झालेली आणि डोळे उघडलेली मूर्ती ट्रकमध्ये चढवताना आम्ही तिच्याशी बोलतो. मग ती उठली, तर त्यात एवढे काय?" वर्ग हसला. परंतु त्या हसण्यात अविश्वास नव्हता. मूर्ती उठण्याचे त्यांना नवल नव्हते. लेखकाने ते इतक्या निर्विकारपणे लिहिले याचे नवल होते.

पुढे १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकर समाजाची वस्ती. शोधकार्य काही दिवसांनी थांबवण्यात आले आणि अनेक माणसे बेपत्ता म्हणूनच नोंदली गेली. त्या पावसाळ्यात वर्गातली उपस्थिती कमी असे, आणि जे येत त्यांच्याशी साहित्यप्रकारांविषयी बोलणे मला जड जाई. तरीही अभ्यासक्रमाप्रमाणे सारंगांची कथा आली तेव्हा डोंगरावरच्या एका वाडीतून येणारा, एरवी गप्प बसणारा एक विद्यार्थी म्हणाला, "हे पंचनाम्यासारखे लिहिले आहे." त्याने त्या आठवड्यांत पंचनामे ऐकले होते. घर अमुक दिशेस, भिंती कुडाच्या, भांडी इतकी, जनावरे इतकी, माणसे इतकी. डोंगर खाली आला, ही एका रात्रीत अविश्वसनीय झालेली गोष्ट आणि भांड्यांची संख्या, दोन्ही एकाच कागदावर, एकाच सुरात लिहिली जात होती.

त्या विद्यार्थ्याने दिलेला शब्द मला समीक्षेची संज्ञा म्हणून स्वीकारावासा वाटतो. पंचनामा हा मराठीतील एक जुना, सर्वपरिचित आणि साहित्यविचाराने दुर्लक्षिलेला गद्यप्रकार आहे. त्याची काही लक्षणे सांगता येतात. तो घटनेचे कारण सांगत नाही, स्थिती नोंदवतो. तो मोठ्या आणि लहान वस्तूंत प्रतवारी करीत नाही. तो हळहळत नाही. आणि तो पंचांसमक्ष होतो, म्हणजे त्याला साक्षीदार लागतात. सारंगांच्या कथेतील निवेदन या चारही कसोट्यांना उतरते. असंभाव्य घटनेचे कारण तेथे दिले जात नाही. तिच्याशेजारी क्षुल्लक तपशील त्याच वजनाने येतात. निवेदकाचा आवाज चढत नाही. आणि वाचकाला सहानुभूतीसाठी बोलावलेले नसते, साक्षीसाठी बोलावलेले असते. ज्या कोरडेपणाला आपण परकेपणा म्हणत आलो, तो मराठीच्याच एका व्यवहारातून ओळखता येतो. सारंगांनी जाणीवपूर्वक पंचनाम्याचे अनुकरण केले, असा माझा दावा नाही. त्यांच्या गद्याला मराठीत नातेवाईक आहेत आणि ते कथा-कादंबरीच्या परंपरेबाहेर शोधावे लागतात, एवढेच माझे म्हणणे आहे. संपादनाविषयी वर जे म्हटले त्याच्याशी याचा संबंध उघड आहे. पंचनामा हीसुद्धा शेजाराचीच रचना आहे. भिन्न प्रकारांचे घटक न विरघळता एकत्र राहावयाचे असतील तर त्यांना धरून ठेवणारा सूर सपाटच असावा लागतो. तो चढला की एक प्रकार दुसऱ्यावर कुरघोडी करतो.

येथेच हा लेख थांबवता आला असता, परंतु तसे करणे वर्गाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. 'अ‍ॅन इंटरव्ह्यू विथ एम. चाको' या कथेत चाको नावाचा माणूस एका बेटाविषयी सांगतो. तेथील स्त्रिया अर्ध्याच देहाच्या असतात. कुणाला केवळ वरचा भाग, कुणाला केवळ खालचा. रचनेच्या दृष्टीने ही कथा मुलाखत आणि प्रवासवर्णन यांच्या शेजाराचा उत्तम नमुना आहे. मी तसे सांगितलेही. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा होता : पंचनामा कुणाचा चालला आहे, आणि पंच कोण आहेत? बाईच्या देहाची वाटणी झालेली आहे, विचारणारा पुरुष, सांगणारा पुरुष. मग वाचणाऱ्या बाईने साक्षीदार म्हणून सही करावयाची का?

हा आक्षेप सारंगांच्या कथेतील विकृती 'दाखवण्यासाठी' आहे, 'समर्थनासाठी' नाही, अशा नेहमीच्या उत्तराने निकालात निघत नाही. तो निवेदनतंत्रालाच भिडतो. निर्विकार सूर घटकांत प्रतवारी करीत नाही हे खरे. परंतु कोणते घटक नोंदवावयाचे ही निवड त्या सुराच्या आधीच झालेली असते. पंचनाम्याला बाजू नसते असे आपण म्हणतो, पण तो कोणी करावयास घेतला यावर त्यात काय येईल हे ठरते. सारंगांच्या कथांत स्त्री वारंवार देहाच्या तपशिलापुरती उरते, आणि सपाट गद्यामुळे ही निवड नैसर्गिक भासू लागते. गद्याचे सामर्थ्य आणि गद्याचा धोका येथे एकाच ठिकाणी आहेत. ती विद्यार्थिनी कथा नाकारीत नव्हती. पंच म्हणून उभी राहून ती नोंदीला हरकत घेत होती. पंचाला हा अधिकार असतोच, आणि माझ्या मते तिचे वाचन ही या कथेला मिळालेली योग्य दाद होती.

सारंगांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना त्यांना मराठी आणि इंग्रजी यांच्या मधल्या निर्वासितपणाच्या कथेत गुंडाळण्याची प्रथा आहे. दोन भाषांत वावरणाऱ्या लेखकाची उपेक्षा हा खरा विषय आहे, परंतु उपेक्षेचे दुःख व्यक्त करणे म्हणजे वाचन नव्हे. त्यांचे वाचन व्हावयाचे असेल तर अभ्यासक्रमात दोन साधे बदल करता येतील, असे मला वाटते. एक, त्यांच्या कथेबरोबर त्यांनी केलेले संपादन आणि लिहिलेली समीक्षा लावावी, म्हणजे शेजार रचण्याची त्यांची दृष्टी एकत्र दिसेल. दोन, त्यांच्या कथेबरोबर एखादा खरा पंचनामा किंवा जबानी वाचावयास द्यावी, आणि विद्यार्थ्यांना दोन्हींतील वाक्ये शेजारी ठेवून पाहू द्यावीत. दुसऱ्या बदलाला वरिष्ठ वर्तुळात हसले जाईल याची मला कल्पना आहे. परंतु ज्या तालुक्यात माझे विद्यार्थी राहतात तेथे वास्तव आणि अद्भुत यांची सीमा ग्रंथांनी आखलेली नाही. ती एका रात्रीत सरकू शकते, आणि सरकल्यावर प्रथम जे गद्य तेथे पोहोचते ते पंचनाम्याचे असते. त्या गद्याला मराठी साहित्यविचारात स्थान द्यावयाचे की नाही, हा निर्णय केवळ सारंगांपुरता मर्यादित नाही.