कडेगावच्या घड्या

साताऱ्याहून निघताना भाचीने बजावले होते, औंधला थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही. ती पुण्यात फोटोग्राफी शिकते. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्मांची चित्रे आहेत. त्यांतले चेहरे ती पाहतच राहिली. आमचे लक्ष घड्याळाकडे. आशुरा तोंडावर आला होता आणि ताबुतांची बांधणी पाहायला सांगली जिल्ह्यातले कडेगाव गाठायचे होते.

कडेगावचे ताबूत शंभर फुटांच्याही वर जातात. बांबूच्या कामट्या, सूत, चिकणमाती आणि रंगीत कागद, एवढेच सामान. बांधणी उलटी: आधी कळस, मग त्याखाली एकेक मजला, पाया सर्वांत शेवटी. मानाच्या ताबुतांत बागवान, अत्तार आहेत, तसे पाटील, देशपांडेही आहेत. ताबुताविषयी आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत. तो वाद इथे नको. पण कागदावरचा हात पाहण्यासारखाच.

एक वयस्क चाचा तावाच्या घड्या घालून पाकळ्या पाडत होते. भाचीने कॅमेरा उचलला, तसे ते म्हणाले, "चेहरा नको, बेटी. हात घे." ती हिरमुसली. वर्षअखेरीच्या कामासाठी तिला माणसांचे चेहरेच हवे होते. तरी तिने हातांचे फोटो काढले आणि बाजारातून छापून आणले.

चाचांनी फोटो बोटांनी चाचपला. "हा कागद घडी धरत नाही. चिरतो." खरेच होते, चकचकीत कागदाला पहिल्याच दुमडीत पांढरी रेघ उमटली. भाची पुन्हा बाजारात गेली. या वेळी साध्या पातळ कागदावर छापून आणले. चाचांनी त्याची आठ पाकळ्यांची फुले केली. त्यांचीच बोटे, सुरकुत्या, नखाला लागलेली खळ, सगळे पाकळीपाकळीवर वाटले गेले. नाव-गाव विचारावे लागू नये इतका तो माणूस त्यात दिसत होता. चेहरा नव्हता, पण आमच्या मते औंधच्या कित्येक तसबिरींपेक्षा ही तसबीर बोलकी होती.

उरलेल्या एका फोटोचा भाचीने जपानी पद्धतीचा करकोचा घडवला. ओरिगामी तिला शाळेपासून येते. करकोचा पुढे कलंडू लागला.

"शेपटी जड कर," चाचा म्हणाले आणि त्यांनी मागे आणखी एक घडी घातली.