नाताळची सुट्टी आणि आमचा मोत्या

नाताळची सुट्टी जवळ आली म्हणजे वसतिगृहातील मुलांच्या मनाची जी अवस्था होते, ती वाचकांपैकी ज्यांनी एकदा तरी घर सोडून शिक्षण घेतले आहे त्यांस निराळी सांगावयास नको. शेवटचा पेपर हाती असतो आणि डोळ्यांपुढे घराची पडवी दिसत असते. आम्हां दोघां भावांचीही गत तीच. या लेखात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघेही समजावे. कारण पुढे जे घडले त्यात दोष दोघांचा सारखाच आहे, आणि एकाने लिहून दुसऱ्याने त्यातून निसटावे हे बरे नव्हे.

आमचे गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, झरी जामणी तालुक्यात ते आहे. माजरीहून आदिलाबादेस जाणारा लोहमार्ग गावावरून जातो. तेलंगणाची सीमा इतकी जवळ की बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगूही कानी पडते, आणि रानाकडील पोडांवरून येणारे कोलाम व गोंड बांधव आपापसांत आपल्या भाषेत बोलतात. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे. जमिनीच्या पोटात चुनखडी व कोळसा असल्यामुळे आता उद्योगही आले आहेत. २०२२ साली येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. रात्री त्याचे दिवे आमच्या वावरातून दिसतात. आजीला ते दिवाळीसारखे वाटतात. बाबांचे मत निराळे आहे, पण ते या लेखाचा विषय नव्हे.

वणीहून कायरमार्गे येणारी एस्‌टी थांब्यावर उभी राहिली, तो आमच्या आधी खाली उतरलेल्या बाईंच्या पायांत शिरून एक तपकिरी शेपूट हलताना दिसले. हाच मोत्या. त्याचे वय नऊ वर्षांचे. त्याचा एक डोळा अलीकडे धुरकट झाला आहे, परंतु नाक शाबूत आहे. गाडीतून उतरणाऱ्या सर्व माणसांतून त्याने आम्हांस वासावरून निवडून काढले आणि घरापर्यंत आमच्या पुढे असा चालला, जणू काही आम्हांस रस्ता ठाऊक नव्हता.

“आले का बाप्पा पोट्टे! किती वाळले!” आजीने दारातच आमच्या गालांवरून हात फिरवला. वाळल्याचा आरोप प्रत्येक सुट्टीत होतो आणि त्याची शिक्षा म्हणून सोलेवांगे, जवसाची चटणी व कढत भाकर यांचा मारा सुरू होतो. असल्या शिक्षेविरुद्ध आम्ही कधी तक्रार केलेली नाही.

घरात पाऊल ठेवावयास जागा नव्हती. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. आमच्या भागात पुष्कळ शेतकरी भाव वाढेल या आशेने कापूस असाच घरात साठवून ठेवतात, आणि माणसे उरलेल्या जागेत राहतात. त्या ढिगावर लोळण्यात मौज फार, परंतु साठवलेल्या कापसाने अंगास खाज सुटते ती निराळी. यंदा त्या ढिगावर आणखी एका कुटुंबाने हक्क सांगितला होता. मनी मांजरीने ऐन कापसात तीन पिले घातली होती. बाबा म्हणत, भाव नाही म्हणून विकत नाही. धाकट्या बहिणीचे म्हणणे असे की बाबा पिलांचे डोळे उघडण्याची वाट पहात आहेत. खरे कारण कोणते हे आम्हांस आजवर ठरवता आले नाही. एवढे खरे की पिलांचे डोळे उघडले, ती टोपलीत हलवली गेली, आणि नंतर दोनच दिवसांत कापूस बाजारात गेला. भाव तर वाढलाच नव्हता.

संध्याकाळी कोठ्यापुढे शेकोटी पेटे. एका बाजूस आम्ही, दुसऱ्या बाजूस मोत्या, पाठीशी रवंथ करणारी बैलांची जोडी. गोष्टी बहुधा वाघाच्या निघत, कारण आमच्याकडे वाघ ही केवळ पुस्तकातील वस्तू नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथे वाघ वाढले आणि वाढलेले वाघ नव्या रानाच्या शोधात बाहेर पडू लागले. तेथेच जन्मलेला एक तरुण नर २०१९ साली घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यावरून वनखात्यास त्याचा माग कळत होता. नदीनाले, शेते, रस्ते ओलांडीत तो तेराशेहून अधिक किलोमीटर चालला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. बाबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा बहिणीने विचारले, “त्याच्या आईनं त्याले सुट्टीत बोलावलं नसंन का?” आम्ही हसलो. आजी मात्र हसली नाही. २०२१ च्या एप्रिलात आमच्याच मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गाभण वाघीण मारली गेली होती, त्याची तिला आठवण झाली. वाघाचे भय आजीइतके गावात कोणास नसेल. पण त्या वाघिणीचा विषय निघाला की ती बराच वेळ विस्तवाकडे पहात राहते.

त्या रात्री बहीण आम्हांस म्हणाली, “दादा, मोत्याले वावरात नेऊ नका. त्याले दिसत नाही आता.” बाबांनीही पावसाळ्यापासून त्याला रात्री नेणे सोडले होते. आम्ही दोघांनी मान डोलावली.

सुट्टीच्या पाचव्या दिवशीची गोष्ट. शेतीच्या पंपास वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. त्या आठवड्यात ती रात्री होती. हरभऱ्यास पाणी द्यावयाचे होते, आणि त्याच हरभऱ्यावर रोही व रानडुकरे यांची दृष्टी होती. आम्ही बाबांबरोबर जाण्याचा हट्ट धरला. वसतिगृहातील मित्रांस आम्ही पुष्कळ बढाया सांगून ठेवल्या होत्या, त्यांस काहीतरी आधार हवा होता. आई नको म्हणत होती. बाबांनी होकार दिला, पण एका अटीवर: मचाणावरून खाली उतरावयाचे नाही.

आता खरे सांगावयाचे तर आम्हांस भीती वाटत होती. ही गोष्ट आम्ही बाबांस सांगितली नाही, एकमेकांसही सांगितली नाही. बाबा बंडी जुंपीत असता आम्ही कोठ्यामागे गेलो आणि मोत्याची साखळी सोडली. तो आनंदाने बंडीच्या मागून अंधारात येऊ लागला. वावरात पोहोचल्यावर बाबांच्या ते ध्यानात आले. परत नेण्यास वेळ नव्हता, वीज आली होती. त्यांनी त्याला मचाणाच्या खांबास बांधले, “सोडू नका” एवढेच म्हणाले, आणि कंदील व फावडे घेऊन पाण्याच्या मागे वावराच्या त्या टोकास गेले.

थंडी अशी होती की घोंगडीतूनही दात वाजत होते. मध्यरात्रीच्या सुमारास हरभऱ्यात खसखस ऐकू आली. मोत्या उभा राहिला. आम्ही विजेरीचा झोत टाकला. पाच-सहा काळ्या पाठी चमकल्या. डुकरे झोताने पळतात असे आम्ही ऐकले होते. आम्ही खाली उतरलो, मोत्यास सोडले आणि आरोळ्या ठोकीत धावलो. बाकीची डुकरे खरोखरच पळाली. एक मात्र पळाले नाही. ते वळले.

त्यानंतर आम्ही काय केले हे लिहिताना लेखणी अडखळते. आम्ही माघारी पळालो आणि मचाणावर चढलो. विजेरी खाली पडली ती तशीच जळत राहिली, आणि तिच्या उजेडात आम्ही वरून पाहिले की मोत्या पळाला नव्हता. त्याला नीट दिसत नव्हते. तो आवाजाच्या रोखाने झेप घेई, चुके, पुन्हा उभा राही. तो मागे सरे, पण मचाणापर्यंतच. बाबा ओरडत, फावडे आपटीत धावत आले तेव्हा ते डुक्कर रानाकडे गेले. मोत्याची कूस वीतभर फाटली होती.

त्याला घोंगडीत गुंडाळून आम्ही बंडीत घेतले. आमच्यापैकी एकाने शाळेचा स्वेटर काढून जखमेवर दाबून धरला. वाटेत बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग बैलांकडे पहातच म्हणाले, “भेव वाटते म्हणून सांगतलं असतं, तं मी तिकडच्या टोकाले गेलोच नसतो.” रागावले असते तर आम्हांस सोपे गेले असते.

आजीने रात्री हळद भरली. सकाळी पशुवैद्य आले, त्यांनी ती धुऊन काढली, केस भादरले, टाके घातले, पिसाळी होऊ नये म्हणून लस टोचली. वय झाले आहे, आठ दिवस पाहू, असे ते म्हणाले. बहिणीने सर्व ऐकले. ती आमच्याशी दोन दिवस एक अक्षरही बोलली नाही. ती मोत्याजवळ गोणपाटावर बसून राही आणि बोटाने त्याच्या तोंडात दूध सोडी. तिसऱ्या दिवशी आम्ही वाटी घेऊन तिच्या शेजारी बसलो. तिने आमच्याकडे न पाहता थोडी जागा करून दिली. उरलेली सुट्टी आम्ही तेथेच घालवली. हुरड्यास गेलो नाही, बोरांसही नाही. मनीची पिले टोपलीतून निसटून मोत्याच्या पायांशी येऊन निजत आणि तो त्यांना काही करीत नसे.

निघण्याच्या दिवशी मोत्या उठला. दारापर्यंत आला, उंबऱ्याशी थांबला, आणि आमचे सामान हुंगून परत गोणपाटावर जाऊन पडला. थांब्यावर प्रथमच आम्ही त्याच्यावाचून गेलो. बहीण आली होती. एस्‌टी हलली तेव्हा ती म्हणाली, “मी त्याले पाहीन. तुम्ही फोन करा.”

दुसऱ्या रविवारी आम्ही वसतिगृहातून घरी दूरध्वनी केला. टाके निघाले होते. भाकर खाऊ लागला होता. मग बहीण म्हणाली की आज सकाळी तो कोणास न सांगता घरातून निघाला, शोधता शोधता थांब्यावर सापडला. वणीची गाडी येऊन गेली होती आणि तो उतरून गेलेल्या माणसांच्या मागे नाक वर करून उभा होता.