सूचनांचा रकाना

माझ्या मापवहीत शेवटी एक रुंद रकाना आहे. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा हे रकाने अरुंद. आकडा मावला की झालं. शेवटच्यावर ‘सूचना’ लिहिलेलं असतं. उमरग्याला ज्या बाईंकडे मी शिवण शिकले त्यांच्या वहीत तसं होतं, म्हणून माझ्याही वहीत आलं. लग्न होऊन खजुरीला आले, घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडली, त्याला तेवीस वर्षं झाली. एकोणीस वह्या भरल्या. आकडे दर दोन-तीन वर्षांनी खोडावे लागतात. बाळंतपणं होतात, दुखणी येतात, बायका सुटतात, वाळतात. सूचना मात्र एकदा लिहिली की सहसा खोडावी लागत नाही.

काही इथे उतरवते. ‘बाही कोपराखाली दोन बोटं. वाद नाही.’ ‘गळ्यात लिंगाची करडगी असते, पुढचा गळा साडेपाचच.’ ‘हूक पुढे. मागे हात पोचत नाही.’ ‘आतून खिसा, डावीकडे, मोबाईल मावला पाहिजे.’ ‘लेक म्हणते मागे लटकन लाव. लावू नये.’

लोक मला फॅशनबद्दल विचारतात आणि मी त्यांना हा रकाना दाखवते. गळा मटका की बोट, बाही फुग्याची की तीन-चतुर्थांश, हे उमरग्याच्या, सोलापूरच्या दुकानांतून येतं आणि दोन दिवाळ्यांत जातं. पण बाजार काहीही म्हणो, बाई एका गोष्टीपाशी अडून बसते. बाईची ढब मला तिथे सापडते. ती पैशावर नसते. दोनशे रुपयांच्या छापील साडीवरचा ब्लाउज शिवायला टाकणारी बाईसुद्धा बाहीच्या अर्ध्या इंचासाठी मला तासभर बसवून ठेवते, आणि मला तिचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण नंतर जातो.

खजुरी हे आळंद तालुक्यातलं गाव, कलबुर्गी जिल्ह्याच्या टोकाचं. उमरग्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात महाराष्ट्र. माझ्या दारात एकच कापड तीन भाषांत येतं. कुणी ब्लाउज म्हणते, कुणी कुप्पस, कुणी चोली. पदराला सेरगु म्हणणारी बाई काठाला काठच म्हणते. मलाही सगळ्या जणी अक्का म्हणतात, त्यात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्याही आल्या.

एकट्या मराठीतसुद्धा या एका वस्त्राची नावं मोजायला बसलं तर घरातल्या पिढ्या मोजून होतात. माझ्या आजेसासूबाई चोळी म्हणायच्या, सासूबाई झंपर म्हणतात, माझी आई पोलकं म्हणायची, मी ब्लाउज. झंपर हा इंग्रजी ‘जंपर’वरून आलेला शब्द, हे मला फार उशिरा कळलं, सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी ते मानलं नाही. नावं बदलली तशी वस्तूही बदलत गेली. चोळीला पुढे गाठ, म्हणजे अंग भरलं-वाळलं तरी गाठ मागेपुढे करता येते. तिला मापवही लागत नाही. हूक आले आणि बाईचं अंग इंचांत आलं. माझा धंदाच त्या हुकांवर उभा आहे, तेव्हा मी तक्रार करू नये.

आमच्याकडे ठेवणीतलं म्हणजे इरकल. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलहून आलेलं, अंग सुती, पदर लाल रेशमी, त्यावर पांढरी नक्षी. पदराच्या नक्षीला टोपतेणी म्हणतात. कन्नडमध्ये तेने म्हणजे कणीस, आणि ती नक्षी ज्वारीची म्हणूनच ओळखली जाते. दुसऱ्या नक्ष्यांत फणी आहे, किल्ल्याचा तट आहे, डोंगरांची रांग आहे. पण मला शिंपीण म्हणून त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट दिसते ती नक्षीच्या अलीकडे, अंग संपून पदर सुरू होतो त्या रेघेत. तिथे शिवण नाही. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा, आणि एकाचे धागे दुसऱ्याच्या धाग्यांत फासासारखे ओवून दोन्ही एक केलेले असतात. तिला कोंडी म्हणतात. एकेका साडीचा ताणा त्यापायी वेगळा करावा लागतो; एकदा मागावर चढवला आणि दहा साड्या विणून काढल्या, असं इथे चालत नाही. हातावर घेऊन उजेडाकडे धरलं तर बारीक दातांची ओळ दिसते. नखाने कधी खरवडू नये.

मी एकदा त्याहून वाईट केलं. एका बाईनं वारलेल्या आईचं इरकल आणलं. अंग कमरेपाशी विरलेलं, पदर मात्र झळझळीत. तिला त्याचा कुर्ता हवा होता, पदर पुढच्या भागावर यावा अशी तिची हौस. पूर्वीच्या बायका असल्या लुगड्याला दंड घालायच्या, म्हणजे विरलेला मधला भाग काढून चांगली टोकं एकमेकांना जोडायच्या आणि आणखी चार वर्षं नेसायच्या. मला ते माहीत होतं, पण मला कुर्ता दिसत होता. खांद्यावर नेमकी कोंडी आली तर काय सुंदर दिसेल, असा विचार करून मी तिथून गळा कापला. धुतल्याबरोबर एकेक फास सुटला आणि लाल-हिरवं असं दोन्ही बाजूंनी पिंजून निघालं. मी आतून कापड लावून हातशिलाईनं ते धरून ठेवलं, शिलाई घेतली नाही. बाई काही बोलली नाही. कुर्ता घेऊन गेली आणि परत कधी आली नाही. तिची ओळ माझ्या वहीत अजून आहे, सूचना अशी: ‘पदराला कात्री लावताना मला विचारा.’ मी विचारलं नव्हतं.

खणाची गोष्ट वेगळी. तो गुळेदगुड्डचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. महाराष्ट्रात त्याची त्रिकोणी घडी ओटीत पडते आणि बऱ्याच घरांत ती एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहते, कात्रीपर्यंत पोचतच नाही. त्याचा पन्हा जेमतेम तीस-एकतीस इंच, दोन्ही कडांना काठ. पूर्वीच्या तोकड्या चोळीला तो बेतलेला होता. कापड उभं लावायचं की आडवं, हा प्रश्नच येत नाही: काठ बाहीच्या मोहरीला आला पाहिजे, तिथून मागे हिशेब करत यायचं. आता खणाच्या साड्या निघाल्या, पर्सा निघाल्या, पोरांची जाकिटं निघाली. शहरातल्या पाहुण्या पोरी खणाचा बोट नेक, पाठीला खिडकी असलेला ब्लाउज मागतात. शिवते. चांगला दिसतो. फक्त मागची खिडकी आणि बाहीचा काठ हे दोन्ही एका खणात बसत नाही, हे त्यांना फोनमधल्या फोटोत कुणी सांगितलेलं नसतं.

फोटो हल्ली प्रत्येकीकडे असतो. ‘अक्का, अस्संच.’ फोटोतल्या बाईचा खांदा तेरा, समोरचीचा साडेपंधरा. मी फोटो बघते, मग तिला म्हणते, यातलं तुला नक्की काय आवडलं ते बोट ठेवून दाखव. बोट बहुतेक वेळा ब्लाउजवर जातच नाही. ते मानेवर जातं, उभं राहण्यावर जातं, एकीचं तर मागच्या जिन्यावर गेलं होतं.

आता थोडं नेसण्याविषयी, कारण तिथे सुई-दोरा चालत नाही आणि तरी सगळं तिथेच ठरतं. नऊवार कापड तेच, पण कासोटा किती वर, निऱ्या किती, पोटरी दिसते की घोटा झाकतो, यावरून आमच्या भागात बाई बोलायच्या आधी तिचं घर कळायचं. यात कौतुकाचं काही आहे असं मला पूर्वी वाटायचं. जुन्या नेसणीबद्दल मी हळहळत बोलायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली, अंगावरचे जाडजूड दागिने टाकायला सांगितले, कारण त्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू यायची. बायकांनी ते मनावर घेतलं, लुगडी लगेच घोट्यापर्यंत आली. हे मी वाचलं आणि माझी हळहळ जरा गप्प झाली. माझी एक जुनी गिऱ्हाईक होती, आम्ही सगळ्या तिला आज्जीच म्हणायचो. तिची सूचना: ‘काठ रुंद. बाहीला, पाठीला, जमेल तिथे.’ मी म्हटलं, आज्जी, एवढा काठ अंगावर येतोय. तिनं माझा हात धरून सांगितलं, “येऊ दे की. माझ्या आईला माहेरी काठाचं नेसू देत नव्हते.” त्यानंतर तिच्या ब्लाउजला मी स्वतःच्या पेटीतला काठ जोडून लावत असे.

आनंदीबाई जोशींनी नेसणं बदललं ते दुसऱ्या कारणासाठी. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या, आणि तिथे नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीचं नेसण धरलं, म्हणजे पाय झाकले जातील. लुगडं सोडायचं नाही, विलायती झगा घालायचा नाही, पण उघड्या पोटऱ्यांनी फिरायचंही नाही. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला १८८५ चा तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. एक जपानी, एक सीरियाची आणि आपली आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. माझ्या वहीत तिची ओळ असती तर सूचना नीट दोन वाक्यांची झाली असती.

आमच्या तालुक्यात लंबाण्यांचे तांडे आहेत. जुन्या बायकांचा फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी, टुकरी म्हणजे ओढणी, हे सगळं आरशांनी, कवड्यांनी, टाक्यांनी भरलेलं. काचळी पाठीवर उघडी, दोऱ्यांनी बांधायची. त्या टाक्यांची पुढे बल्लारी भागातल्या संडूरच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळण्याएवढी कदर झाली, शहरात त्या कामाच्या पिशव्या विकल्या जातात. तांड्यावरच्या तरुण पोरी मात्र साडी नाहीतर ड्रेस घालतात. काचळी घालून बसमध्ये चढलं की लोक बघत राहतात, असं त्या सांगतात. एकीनं आईच्या जुन्या काचळीचा तुकडा आणला आणि सांगितलं, ब्लाउजच्या बाहीवर लाव. दोन दिवस खपून मी तो लावला. एकेक आरसा सुटा होता, तो पुन्हा बसवला. मला वाटलं, आता हिच्यामागे दहा जणी येतील. आठवड्यानं ती परत आली. “अक्का, काढ हे. कडेवर घेतलं की लेकराला ओरखडे उठतात.” काढलं. तुकडा तिनं नेला नाही, माझ्या कपाटात आहे. लेकरू मोठं झाल्यावर येईल म्हणते.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. सगळं गाव रानात, कडब्याच्या खोपीत पूजा, भज्जी, उंडे, आंबील. त्या दिवशी बायका ठेवणीतली इरकल काढतात आणि ढेकळांतून, ज्वारीच्या ओळींतून त्या नेसून चालतात. पदरावरची कणसं आणि कमरेएवढ्या पिकातली कणसं एका ठिकाणी बघायला मिळतात ती त्याच दिवशी. मला मात्र सवयीनं बाह्याच दिसतात. कुणाची काखेत ताणते, कुणाची मागे ओढते. लांबून ओळखते, ही माझी शिलाई, ही माझी नव्हे.

गेल्या दिवाळीत एक पोर आली, नुकतं लग्न ठरलेली, आईबरोबर. पाच ब्लाउज टाकले. गळा आईनं सांगितला, बाही होणाऱ्या सासूनं फोनवरून, लटकन मामीनं. मी तिच्याकडे बघून विचारलं, “तुला काय पाहिजे गं?” म्हणाली, “तुम्हाला वाटेल तसं.” असली गिऱ्हाइकं मला जड जातात. रकाना कोरा ठेवला. पाचही शिवून दिले, प्रत्येकात आत दोन्ही बाजूंना इंचभर कापड सोडून ठेवलं, नेहमीप्रमाणे.

येळवसला माहेरी आली होती. रानातून परत येताना संध्याकाळी एकटीच दारात उभी, पायाला माती तशीच. पिशवीतून त्यातला हिरवा ब्लाउज काढला.

“अक्का, बाही थोडी खाली येईल का? कोपर झाकेल एवढी.”

“सासूबाईंनी सांगितलं?”

“नाही. त्यांना आखूडच आवडते.”

बाहीला मोहरीत जेमतेम पाऊण इंच होतं. उसवून बघते म्हटलं, पुरलं नाही तर काठ जोडू. मग वही काढली, तिचं पान शोधलं आणि पेन घेतलं.