टाकीचं झाकण

जळगाव–धुळे रस्ता नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा, सपाट, बिनघाटाचा. बांभोरीला गिरणा ओलांडली की पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे आणि मग धुळे. यात दुचाकीवाल्याने घाबरावं असं काय आहे? पण मोटरसायकलने नाशिक गाठणाऱ्या माझ्यासारख्याला विचाराल, तर गाडीचा कस पुढे राहुड घाटात नाही, या सपाटीवरच लागतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. डांबर तापतं, ट्यूबवर चिकटवलेला जुना पॅच सुटतो, धूळ खाऊन चेन कोरडी पडते. पावसाळ्यात शेतरस्त्याला लागलात तर काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की गाडी ढकलूनही हलत नाही. काडीने कोरत बसावं लागतं.

गाडी बंद पडण्याचे माझ्या लेखी तीन प्रकार. पहिला आपला आपण निस्तरायचा : प्लग काढून पुसणं, चेनचं लॉक बदलणं, क्लचची केबल तुटली तर दुसरी टाकणं. (जाणते लोक जास्तीची केबल जुन्या केबलच्या बरोबरीनेच ओवून ठेवतात. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची.) तिसरा प्रकार म्हणजे टेम्पो बोलवायचा. खरी गंमत मधल्या प्रकारात आहे, जिथे आपली अक्कल संपते आणि गाडी अजून मेलेली नसते.

माझी जुनी कार्बोरेटरवाली गाडी एकदा एरंडोल सोडल्यावर अशीच वागू लागली. थोडं अंतर नीट जायची, मग गुदमरल्यासारखी व्हायची आणि बंद. पाचेक मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. प्लग काढून पाहिला, टोक ठीक होतं. टाकीत पेट्रोल होतं. ढकलत-चालवत पारोळ्याच्या अलीकडे निंबाखालच्या एका गॅरेजला पोचलो. मिस्तरी विशीतला असेल. त्याने पाना हातात घेतलाच नाही. गाडी कधी बंद पडते, थांबल्यावर किती वेळाने चालू होते, एवढंच विचारलं आणि म्हणाला, “टाकीनं झाकन उघडीसन देखं का?” त्याने झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरायचं, त्याची जागा घ्यायला हवा नाही, टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल उतरणं थांबायचं. बुशकोटाला लावलेली टाचणी काढून त्याने भोक मोकळं केलं. पैसे विचारले तर हसला. शेवटी चहाचे घेतले.

ही विद्या त्याला कुठल्या आयटीआयने दिली नव्हती. गाडी डोळ्यांसमोर उघडी पडलेली असायची, म्हणून ती आली. पेट्रोल, हवा, ठिणगी, यांतलं काय अडलं ते एकेक वगळत जायचं, एवढाच तिचा पाया.

१ एप्रिल २०२० पासून धुराचं बीएस-६ मानक आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. इंधन किती सोडायचं ते आता सेन्सरच्या सांगण्यावरून एक छोटा संगणक ठरवतो. जुन्या गाड्यांचे कढ काढणाऱ्यांतला मी नाही. नवी गाडी थंडीत पहिल्या झटक्यात चालू होते, धूर कमी सोडते आणि क्वचितच दगा देते. चे गव्हेराच्या १९५२ च्या प्रवासाच्या पुस्तकाच्या नावात मोटरसायकल आहे. प्रत्यक्षात त्याची नॉर्टन चिलीतच कायमची बसली आणि पुढचा खंड त्याने तिच्याविना पालथा घातला. त्या रम्य त्रासाची हौस कुणाला असेल तर असो, मला नाही.

पण नवी गाडी बंद पडली की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो, आणि तो काय म्हणतो ते कळायला यंत्र लावावं लागतं. ते यंत्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात, म्हणजे जळगावला किंवा धुळ्याला. माझा मधला प्रकारच संपला. निंबाखालच्या मिस्तरीकडे डोकं आहे, सवड आहे, टाचणीसुद्धा आहे. गाडीचं म्हणणं ऐकायचं साधन तेवढं नाही. त्याच्याकडे आता पंक्चर, ऑइल आणि ब्रेकशू एवढंच काम उरत चाललंय.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर त्यात वाहनंही आहेत. चांगलं झालं. पण पोर्टलवरून दुरुस्तीची माहिती नुसती ग्राहकाला देऊन भागणार नाही. दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आणि दोष वाचणारं यंत्र परवडेल अशा भावात त्या गॅरेजवाल्यापर्यंत पोचवणं कंपन्यांवर बंधनकारक केलं पाहिजे. गाडी एरंडोल-पारोळ्याच्या मध्ये बंद पडते तेव्हा सर्व्हिस सेंटर दोन्ही बाजूंनी लांब असतं.