आईचा बाक

जानेवारीत जेएलटीच्या तळ्याकाठी लेकीबरोबर फिरत होतो, तेवढ्यात पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. दारात नगरसेवकपदाचा उमेदवार! महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट २०२६ ला, तेव्हा दार वाजलं याचंच आईला अप्रूप.

"बसस्टॉपवर बाक बसवा, गुडघे दुखतात," एवढीच तिची मागणी. मग फोन त्याच्यापुढे धरला. "दादा, १५ तारखेला या!" तो म्हणाला. मी मात्र फुटपाथ, कचरा, पाणी असं ऐटीत सुरू केलं.

"बाबा, पण तू व्होट कुठे करतोस?" इथेच जन्मलेल्या लेकीने विचारलं.

कुठेच नाही. २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीयाला फॉर्म ६अ भरून नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन केंद्रावरच जावं लागतं. मी तो फॉर्म कधी उघडलाही नव्हता.

गुरुवारी मी ऑफिसात. आईने प्रभागाची चारही मतं देऊन शाईचं बोट दाखवलं. तो उमेदवार पडला. आई अजून स्टॉपवर उभीच असते.

उन्हाळ्यात लेकीने मला फॉर्म भरायला बसवलं. पत्त्यासाठी पासपोर्टचं शेवटचं पान काढलं. तिथे आईचंच घर होतं.