सदतीस पटींचे गणित

सीजे-३बी जीपचे बॉनेट इतके उंच का, याचे उत्तर इंजिनात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये बसत. सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिन उंच झाले आणि त्यावर झाकण म्हणून बॉनेटही उचलावे लागले. १९५३ साली अमेरिकेत आलेले हे मॉडेल तिथे १९६८ मध्ये थांबले. महिंद्राने मात्र हाच चेहरा पुढे अनेक दशके चालू ठेवला. म्हणून तेलंगणात आणि मराठवाड्यात जुनी जीप म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हीच: कलेक्टर कचेरीची, पाटबंधारे खात्याची, पोलीस ठाण्याची, निवडणुकीत कर्णे बांधून फिरणारी. आज हैदराबादेत अशा गाड्या घराच्या पार्किंगमध्ये, शेडमध्ये उभ्या करून नव्याने बांधल्या जातात, याचा मला आनंद आहे. काळजी एवढीच, की अनेकदा जीपचे बॉनेट तेवढे जपले जाते आणि ज्या यंत्ररचनेमुळे ती जीप आहे, ती भंगारात जाते.

माझे म्हणणे असे, की जीपचे बळ इंजिनात नाही, गिअरांच्या गुणोत्तरांत आहे, आणि घरी जीप बांधणाऱ्याने सर्वांत आधी तेच सांभाळले पाहिजे. हिशेब करून पाहा. सीजे-३बीच्या मूळ रचनेत पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचे २.४६ आणि अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियनचे ५.३८. तिन्हींचा गुणाकार सदतीस. म्हणजे इंजिनाचे सदतीस फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो आणि घर्षणात जाणारा भाग सोडला तर जोर तितक्याच पटीने वाढतो. मूळ ६.००-१६ टायरवर इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असताना गाडीचा वेग ताशी पावणेचार किलोमीटर भरतो, माणसाच्या चालीपेक्षाही कमी. सत्तरएक अश्वशक्तीचे हे इंजिन काळ्या मातीच्या चिखलातून भरलेली गाडी ओढते ते या चालीवर. याच गणिताची दुसरी बाजू अशी, की टॉप गिअरला ताशी ऐंशीच्या वेगाने धावताना इंजिन मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घेते. पन्नास-साठच्या वेगाला सुखाने चालणारी ही गाडी आहे. शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडवर, जिथे शंभरच्या पुढचा वेग रोजचा आहे, तिथे तिचे काम नाही.

हे पटले नाही की बदलांची साखळी सुरू होते. वेग हवा म्हणून टर्बो डिझेल इंजिन येते. त्याचा जोर मूळच्या दीडपट-दुप्पट असतो आणि लो गिअरमध्ये तो सदतीस पटींनी अॅक्सलच्या शाफ्टवर येतो; म्हणून मग अॅक्सल बदलतात. रुबाबासाठी ३१ इंची टायर येतात. मूळ टायरचा व्यास साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. म्हणजे चाकाचा घेर नऊ टक्क्यांच्या जवळपास वाढतो, त्याच प्रमाणात गुणोत्तर बिघडते, ब्रेकला तितकाच अधिक जोर लावावा लागतो आणि मीटर खरा वेग दाखवत नाही. जड चाक जुन्या किंगपिनना झेपत नाही, स्टिअरिंग थरथरते. मग पॉवर स्टिअरिंग बसवले जाते. वास्तविक ती थरथर बहुतेक वेळा किंगपिनच्या झिजलेल्या बेअरिंगांची, पुढच्या बेलक्रँकच्या ढिल्या बुशची किंवा स्टिअरिंग बॉक्समधल्या झिजलेल्या खुंटीची असते. बेअरिंग बदलून, योग्य जाडीच्या शिम घालून ती मुळाशी बरी होते आणि खर्चही फारसा येत नाही.

टायरांबाबत आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. फोर-व्हील घातले की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो निघत नाही, ट्रान्सफर केसमध्ये साठत राहतो. त्यामुळे पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असे चालत नाही. स्टेपनीसह पाचही टायर एकाच घेराचे हवेत. डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलची लिव्हर ओढायची नाही, हेही त्याचमुळे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘मूळ’ या शब्दावर, आणि तो वजनदार आहे. भारतातली जीप मूळ स्थितीत उरली आहेच कुठे? महिंद्राने स्वतःच तिच्यात डिझेल इंजिने घातली. एमएम-५४० मध्ये तर प्यूजोचे २११२ सीसीचे इंजिन होते. दुष्काळी भागात जीप तीस-चाळीस वर्षे चालली ती स्थानिक मिस्त्रींनी हाताला येईल ते सुटे भाग जुळवत चालवली म्हणून. हे सगळे पुसून तिला १९६० सालच्या कारखान्यातल्या सकाळी नेऊन उभे करा, असे मी म्हणत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे ‘फिव्हा’च्या, ट्यूरिन सनदेतही वापरातून आणि काळातून आलेल्या खुणांना वाहनाच्या इतिहासाचा भाग मानले आहे. चांगल्या हाताने ठोकलेला पत्रा, पाट्यांना जोडलेले जादा पान, हे राहू द्यावे. माझी कसोटी एवढीच, की त्या बदलाने गुणोत्तरांचे गणित मोडले का आणि तो आरसी बुकात आहे का.

दुसऱ्या कसोटीला कायद्याचा आधार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव करते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणून पाना हातात घेण्याआधी कागद बघावेत. चासीवर कोरलेला नंबर ग्राइंडरखाली गेला, तर चांगली बांधलेली गाडीही रस्त्यावर आणता येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो मी सर्वांत गंभीर मानतो आणि इथे मूळ रचनेचा हट्ट सोडतो. जुन्या जीपचे ब्रेक एकाच सर्किटवर चालतात. कुठल्याही एका चाकाच्या सिलिंडरमधून तेल गळले, की चारही चाकांचे ब्रेक जातात. तिथे दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवावा. मूळ सिलिंडर पुसून, तेल लावून, पिशवीत जपून ठेवावा, म्हणजे हा बदल उद्या उलटवता येईल. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉल जुने रबर फुगवते, चिरवते. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्यावेत. सीट बेल्ट बसवताना त्याचे बोल्ट नुसत्या पत्र्यात घेऊ नयेत, खालून जाड पट्टी द्यावी. आणि जुन्या ब्रेक लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि घरच्या शेडमध्ये मुलेही वावरतात. ओल्या फडक्याने ती टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

प्रदूषणाचा आक्षेप मी नाकारत नाही. रिंगा झिजलेले, निळा धूर सोडणारे इंजिन रस्त्यावर आणण्याचा हक्क कुणालाच नाही. पण त्यावर उपाय रिबोरिंग, नव्या रिंगा आणि नीट लावलेला कार्बोरेटर हा आहे. त्यासाठी इंजिन बदलावे लागत नाही.

घरी काय करावे आणि बाहेर काय द्यावे, यात हैदराबादकरांचे भाग्य मोठे आहे. बालानगरात १९६८ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन आहे आणि त्या परिसरात लेथ-मिलिंगचे अनेक छोटे कारखाने आहेत. राणीगंजच्या बाजारात बेअरिंगे आणि सुटे भाग मिळतात. क्रँक ग्राइंडिंग, रिबोरिंग, ब्रेक ड्रम टर्निंग ही मापाची कामे आहेत, ती मशीनवरच व्हावीत. खोलणे, धुणे, फोटो काढणे, प्रत्येक शिमची जाडी मोजून वहीत लिहिणे, ब्रेक आणि वायरिंग जोडणे, हे घरी करावे. भाड्याचा हात इतका वेळ देत नाही. दख्खनच्या कोरड्या हवेत वरचा पत्रा मुंबईपेक्षा चांगला टिकतो, पण म्हणूनच खालचा गंज नजरेतून सुटतो. तो चासीच्या टोकांना चिखल साचून बसतो तिथे असतो, किंवा फ्लोअरखालच्या पन्हाळींत. युद्धकाळातल्या विलिसमध्ये तर त्या पन्हाळींत लाकडी पट्ट्या होत्या आणि त्या पाणी धरून ठेवत. टोचा घेऊन तिथे टोचून पाहावे. पत्रा दबला, तर आधी तेवढा तुकडा कापून नवा जोडावा, मग ब्रेक, स्टिअरिंग, अॅक्सल, इंजिन. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा, आणि चासी नंबरावर फक्त पारदर्शक लॅकर द्यावे, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला तो बोटाने चाचपूनही वाचता येईल.