गळती

जुने घर आणि जुनी मोटार यांत एक साम्य आहे. दोहोंनाही गळतीची खोड असते, आणि दोहोंतही थेंब जेथे पडतो तेथे गळतीचे मूळ सहसा नसते. घराच्या बाबतीत ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. माजघरात पाणी टपकू लागले म्हणजे जाणता गवंडी बरोबर त्या थेंबावरचे कौल काढीत बसत नाही. ओल्या वाशाचा माग काढीत तो आढ्यापर्यंत चढतो आणि दोन हात पलीकडचे फुटके कौल दाखवून देतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कोणास सुचत नाही. जमिनीवर तेलाचा डाग दिसला की जो तो वाकून गाडीखाली पाहतो, आणि जो भाग सर्वांत खाली असेल त्यास दोषी ठरवून मोकळा होतो.

आमच्या दारात जी अँबॅसडर उभी असते ती 1986 सालची आहे. आमच्या वडील बंधूंनी ती नवी घेतली, आणि तीन वर्षांपूर्वी ते निवर्तल्यावर ती आमच्याकडे आली. या गाडीची वंशावळ वाचकांस नव्याने सांगावयास नको. बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीच्या धर्तीवर ती तयार होऊ लागली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. आमच्या गाडीतील 1489 घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिनही मूळ त्याच घराण्यातले. कित्येक वर्षे मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांस या एंजिनाने सारख्याच निर्विकारपणे वाहून नेले. आमच्या बंधूंस त्यांनी चाळीस मैलांच्या वेगापलीकडे कधी नेले नाही, कारण तेवढी घाई बंधूंस आयुष्यात कधी नव्हतीच.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीखाली बशीएवढा डाग पडू लागला. पुढे तो ताटाएवढा झाला. त्याच सुमारास चढावर गाडीत जळक्या तेलाचा वास येऊ लागला, आणि एकदा बॉनेटच्या फटीतून निळसर धूरही दिसला. शहरातील एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या गॅरेजात आम्ही ती दाखविली. तेथील तरुण गृहस्थांनी गाडी वर उचलून खालून दिवा दाखविला, आणि एंजिन व गिअरपेटी यांच्या सांध्यातून तेल येत असल्याचा निर्णय दिला. एंजिन उतरवावे लागेल, सुटे भाग मिळतीलच असे नाही, आणि येणाऱ्या खर्चात गाडीची किंमत दोनदा निघेल, असे त्यांनी अत्यंत विनयाने सांगितले. तोवर उपाय म्हणून वरच्या झाकणाच्या कडेने सिलिकॉनचा एक जाड थर फासून दिला आणि नट आणखी आवळून दिले. आठ दिवसांत डाग परातीएवढा झाला.

आता प्रश्न केवळ तेलाचा राहिला नाही. पंधरा वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि ती मुदत जवळ आली होती. धूर सोडणारी व तेल गाळणारी गाडी घेऊन तपासनिसापुढे उभे राहण्यात अर्थ नव्हता. पुण्याहून पुतण्याचा फोन आला. ''काका, भंगारात देऊन टाका, चांगला भाव येतो,'' असे त्याने सुचविले. त्याचे म्हणणे व्यवहारास धरून होते. आम्ही वहिनींस विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ''भावोजी, कोणी चालवणारा भेटला तर खुशाल द्या. पण मोडीत घालू नका. ह्यांनी ती कधी बाहेर भिजूसुद्धा दिली नाही.'' यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. इंग्रजी वाङ्मयाच्या तीस वर्षांच्या अध्यापनाने असल्या वाक्यास उत्तर देण्याची शक्ती येत नाही.

कोल्हापुरात उद्यमनगर आहे हे आमचे भाग्य. ओतकाम, कातकाम आणि तेलाची एंजिने यांवर वाढलेल्या त्या वस्तीत अद्याप काही माणसे अशी आहेत की ज्यांस यंत्राची भाषा ऐकू येते. तेथील एक सत्तरी ओलांडलेले मिस्त्री आमच्या बंधूंच्या परिचयाचे होते. त्यांनी गाडीखाली पाहिलेच नाही. बॉनेट उघडून एंजिन रॉकेलने स्वच्छ धुतले, वाळविले, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ''सर, तुमच्याकडं खडू आसंल की!'' खडू आमच्या खिशात नेहमीच असतो. दोन खडूंची त्यांनी बारीक पूड केली, ती एंजिनाच्या अंगावर भुरभुरली, आणि गाडी चालू करून विडी ओढीत बसले. दहा मिनिटांनी त्या पांढऱ्या पुडीवर एक काळी ओली रेघ उमटली. ती वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यापासून निघून एंजिनाच्या पाठीवरून खाली गिअरपेटीच्या सांध्यापर्यंत गेली होती. दुसरी एक रेघ डाव्या बाजूने उतरून तापलेल्या एक्झॉस्टवर पोहोचली होती. वास आणि धूर यांचे जन्मस्थान ते. खडूने इतके स्वच्छ अक्षर आमच्या हातून फळ्यावर क्वचितच उमटले असेल.

ज्या झाकणाची ही कथा, त्यास इंग्रजी पुस्तकांत रॉकर कव्हर किंवा व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आमचे मिस्त्रीलोक टॅपेट कव्हर म्हणतात. एंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडण्यासाठी वरखाली नाचणाऱ्या लोखंडी बोटांची एक रांग असते. त्या रांगेवर सतत तेल येत असते, आणि ते उडून बाहेर जाऊ नये म्हणून पातळ पत्र्याचे हे टोपण. त्यावर कसलाही भार नाही. त्याच्या कडेखाली बुचाच्या भुशाचे पॅकिंग असते, आणि ते सारे जागेवर धरण्यास माथ्यावर दोन, अवघे दोन, नट असतात. हे नट किती आवळावे याचाही आकडा ठरलेला आहे. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास चार पौंडांचे, म्हणजे दोन किलोंहूनही कमी, वजन टांगले असता जेवढा जोर पडेल तेवढा. त्याच्याच खाली असलेल्या हेडच्या नटांस याच्या दहापट जोर लागतो. ज्या हातास हेडचे नट आवळण्याची सवय झालेली असते त्यास ही नाजूक मर्यादा कशी उमगावी?

झाकण काढून मिस्त्रींनी ते एका जाड काचेच्या तुकड्यावर उपडे ठेवले. ते चार पायांवर उभे राहीना, लंगड्या पाटासारखे डुगडुगू लागले. मधला भाग नटांखाली दबून खोल गेला होता आणि कोपरे वर उचलले गेले होते. ''सर,'' मिस्त्री म्हणाले, ''हे ढिलं हाय म्हणून गळत न्हाई. आवळलंय म्हणून गळतंय. ज्यो आला त्यानं आर्धा फेरा दिला.'' चाळीस वर्षांचा तो इतिहास त्या पत्र्यावर खरोखरच कोरलेला होता. थेंब दिसला की अर्धा फेरा. त्या अर्ध्या फेऱ्याने पत्रा किंचित वाकला, बूच किंचित चिरडले, थेंब वाढला, म्हणून आणखी अर्धा फेरा. उपाय आणि रोग हातात हात घालून वाढत गेले, आणि प्रत्येक वेळी उपाय करणारास वाटत राहिले की आपला जोरच थोडा कमी पडला.

पुढचे काम मिस्त्रींनी अतिशय सावकाश केले. लाकडाच्या ठोकळ्यावर झाकणाची कड ठेवून लाकडी हातोड्याने ती हलके हलके ठोकली, पुन्हा काचेवर ठेवली, पुन्हा ठोकली. डुगडुग थांबेपर्यंत हे चालले. सिलिकॉनचा थर त्यांनी नखाने व पात्याने खरवडून काढला, आणि तो आतल्या बाजूस कसा लोंबत होता हे आम्हांस दाखविले. त्याचा एखादा तुकडा तुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकला असता तर गळतीहून मोठे संकट ओढवले असते. नवे पॅकिंग आणले ते दुकानात पडून पडून आक्रसलेले होते. मिस्त्रींनी ते थोडा वेळ पाण्यात भिजविले, मग वाळविले, आणि ते पूर्ववत मापाचे झाले.

बूच ही मोठी नवलाची वस्तू आहे. पोर्तुगाल व स्पेन या देशांत मुख्यतः होणाऱ्या एका ओक वृक्षाची ती साल. सुमारे नऊ वर्षांनी एकदा ती सोलून काढतात, आणि झाड न मरता नवी साल धरते. 1665 साली रॉबर्ट हूक याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यातील इवलाले कप्पे पाहून त्यांस 'सेल' हे नाव दिले, आणि जीवशास्त्रास त्याचा सर्वांत मोलाचा शब्द मिळाला. त्या कप्प्यांत हवा असते. म्हणून बूच दाबले असता रबरासारखे कडेने फुगत नाही. स्वतःतच मिटते आणि दाब काढताच पुन्हा उमलते. पण त्याच्या सोशिकतेस सीमा आहे. ती ओलांडली की कप्पे फुटतात, आणि फुटलेले बूच पुन्हा उमलत नाही.

पॅकिंग त्यांनी झाकणाच्या कडेस चिकटविले, आणि झाकण काचेवर पालथे घालून त्यावर वजन ठेवून रात्रभर तसेच राहू दिले. एंजिनाच्या बाजूस मात्र चिकटद्रव्याचा थेंबही लावला नाही, केवळ ग्रीसचे बोट फिरविले. याचे कारण त्यांनी सांगितले ते पटण्यासारखे होते. टॅपेट जुळविण्यासाठी हे झाकण पुन्हा पुन्हा उघडावे लागते; दोन्ही अंगांनी चिकटविले तर पुढच्या वेळी पॅकिंग फाटेल. नटांखालची दोन्ही रबरे दगडासारखी झाली होती, तीही बदलली.

इतके झाल्यावर काम संपले असे आम्हांस वाटले. मिस्त्री म्हणाले, ''पण तेल भाईर ढकलत कोण हुतं?'' या प्रश्नाची आम्हांस कल्पनाच नव्हती. एंजिनात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली तेलाच्या पोटात उतरतो. एंजिन जितके जुने तितका हा वायू अधिक. त्यास बाहेर जाण्यासाठी वाट ठेवलेली असते. तिलाच ब्रीदर, म्हणजे श्वास घेण्याची नळी, म्हणतात. आमच्या झाकणावरून हवेच्या गाळणीकडे जाणारी रबरी नळी मिस्त्रींनी उपसली आणि तोंडास लावून फुंकली. त्यांचे गाल फुगले; पलीकडे काही पोहोचले नाही. आत काळ्या चिखलाचा बोळा घट्ट बसला होता. श्वासाची वाट बंद झाल्यावर आतला वायू फट सापडेल तेथून तेलास पुढे घालून निघत होता. नळी रॉकेलने धुऊन मोकळी झाली तेव्हा गळतीचे खरे कारण दूर झाले. नवे पॅकिंग कितीही उत्तम असते तरी या कोंडमाऱ्यापुढे ते फार दिवस टिकले नसते.

आमच्या धंद्यामुळे आम्हांस या ठिकाणी वर्ग आठवला यात नवल नाही. हजेरीचा नियम, त्यावर दंडाचा नियम, त्यावर पालकांच्या सहीचा नियम. बाके तरीही रिकामी. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने येऊन अर्धा फेरा द्यावा, आणि मुले कोणत्या कोंडीमुळे बाहेर पडतात हे पाहण्यासाठी नळी मात्र कोणी फुंकून पाहू नये, अशी आमच्या विद्यामंदिरांची रीत आहे. तथापि दृष्टान्त फार ताणणे हेही एक प्रकारचे आवळणेच. तेव्हा येथेच थांबतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींस घेऊन आम्ही ज्योतिबाचा डोंगर चढलो. चढावर वास आला नाही, धूर दिसला नाही. वर पोहोचून बॉनेट उघडले तेव्हा झाकणाभोवतीची खडूची पूड कोरडी होती. वहिनींनी गुलालाचा एक टिळा देवास लावला आणि एक बॉनेटवर.

उतरून घरी आल्यावर मात्र फरशीवर एक थेंब पडलेला दिसला. आम्ही लगबगीने मिस्त्रींस कळविले. ते हसले. या एंजिनाच्या क्रँकच्या मागल्या टोकास तेल अडविण्यासाठी रबरी सील नाही, उलट फिरणारी मळसूत्री खाच आहे. दांडा फिरतो तोवर ती खाच तेल परत आत ढकलते. दांडा थांबला की ढकलणारे कोणी उरत नाही आणि एखादा थेंब बाहेर येतो. ही त्या एंजिनाची मूळचीच रीत. तेवढ्यासाठी एंजिन उतरविणे म्हणजे म्हाताऱ्याचे घोरणे बंद करण्यासाठी शस्त्रक्रिया करणे होय. तेव्हा त्या थेंबाखाली आम्ही एक जुनी परात ठेवली आहे. कोणती गळती थांबवावी आणि कोणतीखाली परात ठेवावी, हे ओळखणे हा या विद्येचा उत्तरार्ध म्हणावा लागेल.

चार फूट-पौंडांचा आकडा मिस्त्रींनी कधी वाचलेला नाही. तो त्यांच्या मनगटात आहे, आणि त्या मनगटाजवळ शिकावयास आज एकही मुलगा नाही. मुलांस संगणकाच्या पडद्यावर दोष दाखविणाऱ्या गाड्या हव्यात, आणि त्यात त्यांची चूक नाही. झाकण बसविताना पहिला नट त्यांनी स्वतः आवळला आणि दुसऱ्यासाठी पाना आमच्या हाती दिला. ''किती आवळू?'' आम्ही विचारले. ''नटाखालचा वायसर बोटानं फिरवत ऱ्हावा,'' ते म्हणाले, ''फिरायचा थांबला की आपुन बी थांबायचं.'' आम्ही तसे केले, आणि त्यांच्यानंतर हे सांगण्यास कोणी उरले नाही तर निदान कागदावर असावे म्हणून येथे लिहून ठेवले आहे.